जुन्या नाशकातील वाडे, रस्ते आणि घाट : कुंभमेळा प्राधिकरण व महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण
मा. आयुक्त, नाशिक महानगरपालिका

विषय : जुने नाशिक व पंचवटी येथील इमारती, रस्ते आणि घाट यांतील बदलांवर देखरेख ठेवण्यासाठी अधिकार असलेली स्थानिक समिती नेमण्याबाबत.

सविनय नमस्कार.

ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मधल्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या अमृतस्नानांसाठी शहरात कामे काढली गेली आहेत आणि ती वेळेत पुरी व्हावीत असे आम्हा रहिवाशांनाही मनापासून वाटते. सिंहस्थ आमच्या दारात भरतो. त्याची दगदग आम्ही सोसतो, त्याचा मानही आम्हालाच मिळतो. तेव्हा या पत्राकडे कामे अडवण्याचा प्रयत्न म्हणून पाहू नये. आमचे म्हणणे एवढेच आहे की गोदाघाट, पंचवटी आणि जुन्या गावठाणातल्या कोणत्याही गल्लीत, वाड्यात किंवा पायरीवर बदल करायचा ठरला, तर तो आराखड्यात असतानाच तिथल्या लोकांना कळला पाहिजे, त्यावर बोलण्याची जागा त्यांना मिळाली पाहिजे आणि काही चुकीचे होत असेल तर चार दिवस काम थांबवण्याचा अधिकार स्थानिक पातळीवर कुणाकडे तरी असला पाहिजे. आज तो कुणाकडेच नाही.

हे का महत्त्वाचे आहे ते सांगण्यासाठी मी रहाडींपासून सुरुवात करते. रंगपंचमीला रहाड खेळण्याची आपल्या शहराची प्रथा पेशवेकाळापासूनची मानली जाते. रहाड म्हणजे भर रस्त्यात, जमिनीखाली दगडात बांधलेला चौकोनी हौद, उडी मारणारा माणूस पुरता बुडेल इतका खोल. वर्षभर त्यावर लाकडी ओंडके आणि फळ्या टाकून माती पसरलेली असते, आणि त्यावरून दुचाक्या, रिक्षा, भाजीच्या गाड्या जात असतात. सणाच्या आधी मानकरी आणि तालमीची मुले माती उपसतात, हौद धुऊन काढतात, पूजा होते, फुलांपासून उकळलेला रंग ओतला जातो आणि मग धप्पा मारायला गर्दी लोटते. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, मान ठरलेला. शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा, जुनी तांबट लेन इथल्या रहाडी आजही उघडतात. पूर्वी अशा रहाडी याहून जास्त होत्या आणि त्यातल्या बऱ्याच आज रस्त्यांच्या थरांखाली बंद पडून आहेत.

आता रस्ता करणाऱ्या अभियंत्याच्या बाजूने याकडे पाहा. त्याच्या नकाशावर जलवाहिनी असते, मलवाहिनी असते, विजेची आणि दूरध्वनीची केबल असते. रहाड नसते. खोदाईची खोली, खडीचा थर आणि काँक्रीटची जाडी हे सगळे दूरच्या कार्यालयात ठरते आणि सिडकोतल्या किंवा इंदिरानगरातल्या रस्त्याला जो छेद लावायचा तोच तिवंध्याला लागतो. त्या अभियंत्याची यात काहीही चूक नाही, कारण त्याला सांगणारी व्यवस्थाच आपण उभी केलेली नाही. गल्लीतला कुणीही वयस्कर माणूस हौदाची कड कुठून कुठे जाते ते पायाने दाखवू शकतो, पण त्याला विचारण्याची पायरी कार्यपद्धतीत कुठेच नाही. दगडी हौदाची भिंत यंत्राच्या दातांखाली एकदा फुटली की ती पुन्हा तशी बांधता येत नाही, आणि मग मानकऱ्यांच्या घरातला मान नुसता नावाला उरतो.

रस्त्याच्या पातळीचेही असेच आहे. जुन्या नाशकातली घरे काळ्या दगडाच्या जोत्यावर उभी आहेत. रस्ता, ओटा, उंबरा आणि आतला चौक यांच्या उंचीचा एकमेकांशी हिशेब होता. पावसाचे पाणी घरातून गल्लीत आणि गल्लीतून नदीकडे जावे हा तो हिशेब. जुना थर न काढता त्यावर नवा थर चढवण्याची रीत पडल्यापासून तो बिघडला. आमच्या गल्लीत एका वाड्याच्या ओट्याला तीन पायऱ्या होत्या. आता एक दिसते, तीही अर्धी, आणि दारातल्या दगडी उंबऱ्यापुढे सिमेंटचा बांध घालावा लागला आहे. जोरदार सर आली की पाणी देवडीत शिरते, लाकडी खांबाचा तळ भिजतो, आणि काही वर्षांनी तोच खांब कुजलेला आहे असे लिहून वाड्याला धोकादायक असल्याची नोटीस येते. रस्त्याच्या कामाने वाडा कमकुवत होतो, आणि वाडा कमकुवत आहे म्हणून तो पाडला जातो. ही दोन कामे दोन वेगवेगळ्या खात्यांच्या फायलींत असल्यामुळे हा संबंध कागदावर कधी जुळत नाही.

कायद्यात काय आहे हे आम्ही समजून घेतले आहे. २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत वारसा इमारती आणि वारसा परिसर यांच्या जतनाची तरतूद आहे. श्रेणीनिहाय यादी आणि वारसा संवर्धन समिती या दोन्ही गोष्टी त्यात आहेत. राज्य संरक्षित स्मारकांसाठी १९६० चा स्वतंत्र कायदा आहे, आणि सरकारवाडा व सुंदरनारायण मंदिर यांना त्याचे छत्र आहे. पण या सगळ्याचा रोख एकेकट्या इमारतीवर आहे. यादीतल्या वाड्याला हात लावायचा तर परवानगी लागते. त्याच वाड्यापुढची दगडी फरसबंदी उखडायची तर फक्त अंदाजपत्रक, निविदा आणि कार्यारंभ आदेश लागतो. नियमावलीत वारसा परिसर हा शब्द आहे, तर परिसरात रस्ता, पार, पाणपोई, दगडी गटार, नदीकडे उतरणारी बोळ हे सगळे आले पाहिजे. रहाड तर सगळ्यात आधी आली पाहिजे.

गोदाघाटावर याची किंमत आपण एकदा मोजली आहे. २००३ च्या सिंहस्थाच्या सुमारास भाविकांच्या सोयीसाठी म्हणून नदीपात्रातल्या प्राचीन कुंडांत आणि आजूबाजूला काँक्रीट ओतले गेले. कुंडांच्या तळाशी जिवंत झरे होते आणि त्यांच्यामुळे नदीला आतून पाणी मिळत होते, ही गोष्ट घाटावर पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांना ठाऊक होती. त्यांना कुणी विचारले नाही. पुढे गोदाप्रेमी नागरिकांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, न्यायालयाचे दरवाजे ठोठावले, आणि स्मार्ट सिटीच्या काळात काही कुंडांतले काँक्रीट काढण्याचे काम हाती घेतले गेले. म्हणजे लोकांचा पैसा आधी झरे बुजवायला लागला आणि मग ते मोकळे करायला लागला. त्याच काळात घाटावरच्या जुन्या दगडी पायऱ्या उखडल्या गेल्याचे पाहून नागरिकांनी आवाज उठवला, तेव्हा त्या पूर्ववत करून देण्याचे आश्वासन मिळाले. दगडाच्या पायऱ्या पूर्ववत होतात का, हे तुम्ही एखाद्या पाथरवटाला विचारून पाहा.

वाड्यांचा प्रश्न यापेक्षा गुंतागुंतीचा आहे, आणि त्यावर घाईने कुणा एकाला दोषी ठरवण्याची माझी इच्छा नाही. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर जुन्या नाशकात आणि पंचवटीत धोकादायक वाड्यांना नोटिसा निघतात, आणि दर पावसाळ्यात कुठे ना कुठे भिंत कोसळते. माणसे जातात. ज्यांच्या घरात असे झाले आहे त्यांना वारशाच्या गोष्टी सांगायला जाणे योग्य नाही. मालकाला भाडेकरूकडून मिळणारे भाडे इतके तुटपुंजे असते की त्यातून कौलेसुद्धा शाकारून होत नाहीत. बाहेर पडलो तर परत येण्याची खात्री नाही, या भीतीने भाडेकरू जागा सोडत नाही. पूररेषेमुळे पुनर्विकासाचे गणितही बसत नाही. या कोंडीत वाडा आपोआप पडण्याची वाट पाहणे हा सगळ्यांनाच सोपा मार्ग वाटू लागतो.

परंतु वाडा धोकादायक आहे हे ठरते कसे, तेही पाहिले पाहिजे. सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, पांढऱ्या मातीची आणि विटांची भिंत, चुन्याचा गिलावा, खाली दगडी जोते, वर कडीपाट, असे हे बांधकाम. भिंत खचली तरी सांगाडा उभा राहतो, आणि कुजलेला खांब बदलता येतो. सिमेंट-सळईच्या इमारती तपासण्याची सवय असलेल्या डोळ्यांना यातले काहीच भरवशाचे वाटत नाही, हे स्वाभाविक आहे; पण त्या डोळ्यांनी दिलेला अहवाल अखेरचा मानणे हे बरोबर नाही. दुरुस्तीत वरून सिमेंटचा गिलावा मारला की आतली ओल बाहेर पडत नाही आणि लाकूड आतल्या आत सडते, हे चुन्याचे काम केलेला कोणताही जुना गवंडी सांगेल. तेव्हा दुरुस्तीने राहण्याजोगा होईल असा वाडा आणि खरोखर पाडावाच लागेल असा वाडा यांतला फरक, लाकूड-चुन्याचे बांधकाम जाणणाऱ्या माणसाने स्वतः माडीपर्यंत चढून पाहिल्याशिवाय ठरवू नये. आणि पाडावाच लागला, तर पाडण्याआधी त्याची मोजमापे, छायाचित्रे आणि नकाशे काढले जावेत, प्रत्येक भाडेकरूच्या ताब्यातल्या क्षेत्राचा दाखला त्याच्या हातात पडावा, आणि कोरीव खांब, गणेशपट्टी, दिंडी दरवाजा यांची यादी होऊन त्या वस्तू कुठे गेल्या याची नोंद राहावी. आज त्या रातोरात टेम्पोत चढतात आणि कुठल्या तरी हॉटेलच्या दर्शनी भागात दिसतात.

या सर्व कारणांसाठी पूर्व, पश्चिम आणि पंचवटी या तीन विभागीय कार्यालयांच्या हद्दीतल्या जुन्या वस्तीसाठी स्थानिक देखरेख समित्या नेमाव्यात, अशी आमची मागणी आहे. त्यात विभागाचा अभियंता आणि पुरातत्त्व विभागाचा प्रतिनिधी असावा, संवर्धनाचे काम प्रत्यक्ष केलेला वास्तुविशारद असावा, आणि त्यांच्या बरोबरीने वाड्याचा एक मालक, एक भाडेकरू, त्या भागातला दुकानदार आणि दगडाचे किंवा लाकडाचे काम करणारा कारागीर असावा. निम्म्या जागा स्त्रियांना असाव्यात. गल्लीत पाणी कुठे तुंबते, कोणत्या बोळातून रात्री जाता येत नाही आणि कोणता ओटा मोडला तर म्हाताऱ्या माणसांची बसायची जागा जाते, हे घरातल्या बायका रोज पाहत असतात.

अशी समिती नेमायला नवा कायदा लागणार नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने मोठ्या शहरांत प्रभाग समित्या आल्या, आणि महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात त्या समित्यांवर स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी नामनिर्देशित करण्याची सोय आहे. २००९ च्या दुरुस्तीने क्षेत्रसभेची, म्हणजे वस्तीतल्या मतदारांच्या सभेचीही तरतूद झाली. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यानंतर दीर्घकाळ प्रशासकीय राजवट राहिली, आणि त्या काळात गल्लीतल्या माणसाला तक्रार घेऊन जायला नगरसेवकाचे दारही उरले नाही. मोठमोठी कामे मात्र त्या काळातही ठरत होती.

समितीला नुसता सल्ला देण्याचा अधिकार असेल तर ती असून नसल्यासारखी होईल. तिच्या हद्दीतल्या रस्ता, घाट, दर्शनी भाग आणि पाडकाम यांच्या प्रत्येक प्रस्तावाचा नकाशा निविदेआधी तिच्यापुढे यावा. तो मराठीत असावा आणि कामाच्या जागी तीस दिवस लावलेला असावा, संकेतस्थळाच्या कोपऱ्यात नव्हे. काम चालू असताना रहाड, जुने बांधकाम, शिल्प किंवा झरा आढळला, तर समितीच्या दोन सदस्यांच्या लेखी सूचनेवर काम तात्पुरते थांबावे आणि सात दिवसांत पुरातत्त्व विभागाने जागेवर येऊन निर्णय द्यावा. तो निर्णय कारणांसह जाहीर व्हावा. समितीचे मत डावलायचे असेल तर आयुक्तांनी ते जरूर डावलावे, पण का डावलले ते लिहून ठेवावे.

याने विलंब होईल आणि परवानगीची आणखी एक खिडकी म्हणजे चिरीमिरीची आणखी एक जागा तयार होईल, हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो, कारण असल्या खिडक्यांचा सर्वाधिक त्रास आम्हालाच होतो. म्हणून कौले बदलणे, रंग देणे, गिलाव्याची डागडुजी, कुजलेल्या लाकडाच्या जागी तसेच लाकूड बसवणे अशा कामांना कोणतीही परवानगी लागू नये. बाकी प्रस्तावांवर पंधरा दिवसांत मत आले नाही तर संमती आहे असे धरावे. बैठका खुल्या असाव्यात आणि इतिवृत्त आठवड्याभरात विभागीय कार्यालयाच्या फलकावर लागावे.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. २००३ मध्ये सरदार चौकाजवळच्या चेंगराचेंगरीत तीसहून अधिक भाविकांचा जीव गेला. त्या दिवसाची आठवण पंचवटीतल्या घराघरांत आहे, आणि गल्ल्या रुंद करा असे जे म्हणतात त्यांच्या मनात तीच भीती असते. पण २०१५ मध्ये काय केले गेले तेही आठवावे. आखाड्यांच्या मिरवणुकीचा मार्ग बदलला, येण्याच्या आणि जाण्याच्या वाटा वेगळ्या केल्या, गर्दी घाटापासून लांबच विभागली आणि तो सिंहस्थ तशा दुर्घटनेविना पार पडला. दोन्ही बाजूंची घरे मागे सारून मिळणारी चार-सहा फुटांची जागा लाखोंच्या गर्दीपुढे काहीच नाही. ती जागा नंतरची अकरा वर्षे वाहनतळ म्हणून वापरली जाते, एवढेच. जिथे खरोखर अडथळा आहे तिथे तो हटवावा लागेल आणि त्याला आमची हरकत नाही; मात्र कोणता कठडा, कोणती टपरी, कोणता वळणाचा कोपरा गर्दी अडवतो हे गर्दीच्या दिवशी तिथे उभ्या असलेल्या माणसांना विचारून ठरवावे.

रामकाल पथाबद्दल थोडे वेगळे लिहिणे आवश्यक आहे. केंद्राच्या मदतीने सुमारे ९९ कोटी रुपयांचा हा प्रकल्प रामकुंड, काळाराम मंदिर आणि सीतागुंफा यांच्या परिसरात होत आहे. इथे पैसा येतो आहे याचा आनंदच आहे. भीती आहे ती एकसारखेपणाची. सगळ्या दुकानांना एकच पाटी, सगळ्या भिंतींना एकच रंग, घरांच्या तोंडावर बसवलेल्या नव्या कमानी, असे केल्याने जुना परिसर जपला जात नाही, झाकला जातो. पंचवटीत पेशवेकालीन दगडी मंदिराशेजारी विटांचा वाडा आहे आणि त्याशेजारी इंग्रजी अमदानीतली लोखंडी कठड्याची माडी आहे. ही घरे वेगवेगळ्या काळांतली आहेत आणि त्यांनी तशीच दिसले पाहिजे. काळाराम मंदिराच्या दाराशी २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला सत्याग्रह पुढे काही वर्षे चालला. ज्या रस्त्यांवर ते सत्याग्रही उभे राहिले, बसले आणि मार खाऊन पुन्हा उभे राहिले, ते रस्तेही या परिसराच्या इतिहासाचा भाग आहेत. तेथील दरवाजे आणि मोकळी जागा यांत सजावटीसाठी फेरफार करताना या गोष्टीचे भान आराखडा काढणाऱ्याला असायला हवे, आणि ते भान देणारी माणसे शहरात आहेत.

वारसा म्हटला की नजर मंदिर आणि घाटापाशी थांबते, हीदेखील काळजीची बाब आहे. नदीच्या अलीकडे भद्रकाली, दूध बाजार, बडी दर्गा, तांबट आळी, भांडी बाजार, काझी गढी असे गाव पसरले आहे. तिथे हातोडीच्या आवाजावर चालणारे धंदे होते, काही अजून आहेत. काझीच्या गढीची माती दर पावसाळ्यात ढासळते आणि कडेची घरे रिकामी करावी लागतात. त्या वस्तीच्या पुनर्वसनाचा निर्णयही तिथल्याच लोकांना बसवून व्हायला हवा. समितीच्या हद्दीतून गावाचा हा अर्धा भाग सुटला, तर तिला जुन्या नाशकाची समिती म्हणता येणार नाही.

अहमदाबादेचे उदाहरण आपल्याला जवळचे आहे. तिथल्या पोळांमधली, म्हणजे जुन्या गल्लीवजा वस्त्यांमधली घरेही लाकडी सांगाड्याची आणि त्यांनाही भाडेकरू व वारसांचे तेच प्रश्न आहेत. २०१७ मध्ये त्या जुन्या शहराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. वारसा घर राखणाऱ्या मालकाला हस्तांतरणीय विकास हक्क (दुसरीकडच्या बांधकामासाठी विकता येणारा हक्क) देऊन त्या पैशातून दुरुस्ती करण्याची वाट त्यांनी काढली. आपल्याकडे हा हक्क रस्तारुंदीसाठी जागा देणाऱ्याला मिळतो, हे सगळ्यांना माहीत आहे. घर राखणाऱ्यालाही तो मिळाला आणि दुरुस्तीचे काम स्थानिक समितीने तपासले, तर आज पडण्याची वाट पाहणारे कित्येक मालक स्वतःहून पुढे येतील, असा माझा अनुभवावरून विश्वास आहे.

सिंहस्थाचे ध्वजारोहण ऑक्टोबर २०२६ अखेर आहे, त्यामुळे सगळे एकदम होणार नाही हे समजते. पण तीन गोष्टी लगेच होऊ शकतात. पहिली, मानकरी, तालमी आणि जुन्या रहिवाशांना बरोबर घेऊन उघड्या व बुजलेल्या सर्व रहाडींची जागा मोजून ती रस्त्यांच्या नकाशांवर चढवावी, आणि हे झाल्याखेरीज त्या गल्ल्यांत खोदाईचा आदेश देऊ नये. दुसरी, यापुढे या भागात जुना थर काढल्याशिवाय नवा थर टाकू नये, आणि कोणत्याही रस्त्याची पातळी ठरवताना लगतच्या उंबऱ्यांची उंची नकाशात दाखवणे बंधनकारक करावे. कोणत्या पुराला दुतोंड्या मारुतीच्या, म्हणजे पुराची पातळी जिच्यावरून ओळखतात त्या घाटावरच्या मूर्तीच्या, कुठवर पाणी चढले आणि तेव्हा सराफ बाजारात ते कुठपर्यंत आले, ही माहिती दुकानदारांकडे तोंडपाठ आहे, तीही लिहून घ्यावी. तिसरी, शहराची वारसा यादी आणि वारसा संवर्धन समितीची इतिवृत्ते तिन्ही विभागीय कार्यालयांत कुणालाही पाहता येतील अशी ठेवावीत.

या मागण्यांवर चर्चेसाठी आपण एक बैठक बोलवावी ही विनंती आहे. ती सकाळी अकराला मुख्यालयात न ठेवता संध्याकाळी नेहरू चौकात पिंपळपारावर ठेवावी, म्हणजे दुकान बंद करून येणाऱ्यांना आणि जिने न चढू शकणाऱ्यांनाही बोलता येईल. बैठकीचा दिवस आणि आपले म्हणणे लेखी कळवावे.

आपली नम्र,
जुन्या नाशकातील एक रहिवासी